बहीण लाडकी, नगरसेविका नकोशी

महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी पार पडल्या. गुलाल उधळला गेला, महापौरपदासाठी रस्सीखेच झाली, आणि त्या धुरळ्यात एक प्रश्न सोयीस्करपणे गाडला गेला. या निवडणुका इतकी वर्षे झाल्याच नाहीत, त्याचा जाब कोणी द्यायचा? विजयी पक्ष हा प्रश्न विचारणार नाहीत, हे समजण्यासारखे आहे. पराभूत पक्षही तो विचारीत नाहीत. त्याचे कारण असे की या पापात त्यांचाही वाटा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार आणि कोल्हापूर या महापालिकांची मुदत २०२० मध्येच संपली. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांची मार्च २०२२ मध्ये. त्या दिवसापासून या शहरांचा कारभार शासनाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला. एप्रिल २०२० मध्ये छत्रपती संभाजीनगरचे सभागृह विसर्जित झाले, त्या वर्षी जे मूल पहिलीत गेले ते नवे सभागृह निवडले जाईपर्यंत सहावीत पोहोचले होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना पाच वर्षांची मुदत दिली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे असे बंधन घातले. २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन पुन्हा स्पष्ट केले. घटना इतकी स्पष्ट असूनही देशातील सर्वांत नागरीकरण झालेल्या राज्यांपैकी एक राज्य चार-चार, पाच-पाच वर्षे नगरप्रतिनिधींवाचून चालविण्यात आले आणि त्याविरुद्ध एकही मोठे आंदोलन उभे राहिले नाही.

आंदोलन का उभे राहिले नाही? माझ्या मते, या गुन्ह्याची झळ ज्या ठिकाणी बसते ते ठिकाण आपल्या राजकारणाच्या नकाशावर नाही. ते ठिकाण म्हणजे घर.

दिल्लीचे सरकार घरात येते ते वर्तमानपत्रातून. मंत्रालयातील सरकार येते ते भाषणांतून आणि अलीकडे बँकेच्या संदेशातून. महापालिका मात्र नळातून येते, मोरीतून जाते, घंटागाडीच्या आवाजाने सकाळी दारात उभी राहते. बाळाच्या जन्माचा दाखला, त्याची लस, बालवाडी, कोपऱ्यावरचा दवाखाना, रात्री कामावरून परतणाऱ्या मुलीच्या वाटेवरचा दिवा आणि शेवटी स्मशानातले सरपण, एवढा संसार तिच्या कारभारात मोडतो. हे कामकाज बिघडले म्हणजे काम नाहीसे होत नाही. ते घरातल्या कोणाच्या तरी अंगावर पडते. ते ‘कोणी तरी’ कोण, हे सांगण्याची गरज नाही. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, पुरुष ८८ मिनिटे. नळाची वेळ पहाटे चारची झाली, की त्या २८९ मिनिटांत भर पडते, ८८ मध्ये नाही. अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कर आणि अप्रत्यक्ष कर असे दोन प्रकार शिकवीत आलो. तिसरा एक कर आहे, तो वस्तुरूपाने नव्हे, श्रमरूपाने वसूल होतो. त्याची पावती मिळत नाही आणि कोणत्याही अर्थसंकल्पात त्याची नोंद नसते.

मी राहतो त्या शहराचे नाव येथे सांगत नाही. वाचकाने आपल्या शहराचे घालावे, फारसा फरक पडणार नाही. आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले. माझ्या सुनेने महापालिकेच्या मोबाइलवरील यंत्रणेत तक्रार नोंदविली. तिसऱ्या दिवशी ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा संदेश आला, पाणी होते तसेच होते. तिने पुन्हा तक्रार केली, पुन्हा निवारण झाले. “बाबा, पूर्वी निदान कोणाच्या दारात जाऊन उभे राहता येत होते. आता दारच नाही,” असे ती म्हणाली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत तर तक्रारीचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे दोन हंड्यांसाठी रोजची वेळ मोडते, आणि वेळ मोडली की एका घरचे काम सुटते. मावशींच्या दृष्टीने महापालिका बरखास्त असणे म्हणजे महिन्याच्या पगारातील खाडा.

“पण नगरसेवक तरी कोठे धुतल्या तांदळाचे होते?” हा प्रश्न मला आपल्याच सहानुभूतीदारांनी, सुशिक्षित, निवृत्त, प्रामाणिक मंडळींनी अनेकदा विचारला आहे. प्रशासक बरा, तो निदान पाच टक्के मागत नाही, फलकांवर स्वतःचे छायाचित्र लावीत नाही, असे त्यांचे म्हणणे. या युक्तिवादाचा समाचार घेणे आवश्यक आहे, कारण आणीबाणीतही असेच काहीसे ऐकावे लागले होते. तेव्हा गाड्या वेळेवर धावत होत्या म्हणे.

नगरसेवक भ्रष्ट होते, यात शंका नाही. स्थायी समितीत टक्केवारी चाले, हे उघड गुपित होते. परंतु स्थायी समितीत प्रस्ताव आयुक्त मांडी आणि मंजुरी दुसरेच कोणी देई. त्यात विरोधी सभासद असत, ते हिस्सा मिळाला नाही म्हणून का होईना, बोलत. कार्यवृत्त लिहिले जाई, पत्रकार बाहेर बसलेले असत. प्रशासकाच्या राज्यात प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि देखरेख करणाराही तोच. सर्वसाधारण सभा तोच, स्थायी समितीही तोच. एकट्या माणसाची सभा ही कल्पना आपल्या कायद्याने शक्य करून दाखविली आहे. मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प २०२२-२३ मध्ये ४५,९४९ कोटींचा होता. २०२५-२६ मध्ये तो ७४,४२७ कोटींवर गेला. मधले तीन अर्थसंकल्प एकाही निर्वाचित सभासदाने हात वर न करता मंजूर झाले. सहा हजार कोटींहून अधिक खर्चाची रस्ते काँक्रीटीकरणाची कंत्राटे याच काळात, २०२३ मध्ये, दिली गेली. ही कंत्राटे वाईट होती असा माझा दावा नाही. ती चांगली होती की वाईट, हे विचारण्याचा हक्क असलेला माणूसच सभागृहात नव्हता.

शिवाय प्रशासक म्हणजे निःपक्षपाती तज्ज्ञ, हाही भाबडा समज आहे. त्याची नेमणूक, बदली आणि बढती मंत्रालयाच्या हाती असते. नगरसेवक गेले म्हणून राजकारण गेले नाही, ते फक्त वरच्या मजल्यावर सरकले. २०२३ मध्ये मुंबई उपनगराच्या पालकमंत्र्यांनी महापालिकेच्या मुख्यालयातच आपले दालन थाटले, हे सर्वांनी पाहिले. गल्लीतला गटार दुरुस्त व्हायचा तर मंत्र्याच्या दालनात अर्ज द्यायचा, हा विकेंद्रीकरणाचा महाराष्ट्रीय अवतार! जकात मुंबईबाहेर टप्प्याटप्प्याने गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांशी रद्द झाला, आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करापायी मुंबईची जकातही संपली. तेव्हापासून शहरे शासनाच्या भरपाईवर जगत आहेत. आधी तिजोरीची किल्ली गेली, मग सभागृहाची.

आता कायदेशीर सबबीकडे वळू. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायप्रविष्ट होता, असे सर्व पक्ष सांगतात. ते खोटे नाही, अपुरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी शास्त्रीय आकडेवारीची अट घातली. ती गोळा करण्यास शासनाला वर्षभर लागावे, हे एक. दुसरे अधिक गंभीर. ७ मार्च २०२२ रोजी, ज्या दिवशी मुंबईचे सभागृह मुदत संपून बंद झाले त्याच दिवशी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य शासनाकडे घेणारी विधेयके एकमताने मंजूर केली. एकमताने! जे पक्ष एकमेकांशी भाषेत, सभ्यतेत, शपथविधीच्या वेळेतसुद्धा जमवून घेऊ शकत नव्हते, त्यांचे या एका बाबतीत पूर्ण मतैक्य झाले. ज्या मुद्द्यावर सत्ताधारी व विरोधक इतक्या सहजपणे एकत्र येतात त्या मुद्द्यावर जनतेने सावध व्हावे, हे मी राजकारणात नसूनही सांगू शकतो.

पुढे जून २०२२ मध्ये सुरत-गुवाहाटीचे नाट्य घडले, सरकार बदलले. आधीच्या सरकारने मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ केल्या होत्या, नव्याने त्या पुन्हा २२७ केल्या. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि घोंगडे भिजत पडले ते ६ मे २०२५ पर्यंत. त्या दिवशी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. शासन-आयोगाला तेवढाही अवधी पुरला नाही, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून घ्यावी लागली. या तीन वर्षांत शासनाने लवकर सुनावणीसाठी जिवाचे रान केले, असे कोणाला आठवते काय? आमदार अपात्रतेच्या खटल्यांसाठी ज्येष्ठ वकिलांच्या फौजा उभ्या राहिल्या. शहरांच्या सभागृहांसाठी तारखेवर तारीख पुरेशी होती.

आणि साथरोगाची सबब? २०२० मध्ये मुदत संपलेल्या महापालिकांच्या बाबतीत ती काही महिने मान्य करता येईल. परंतु १५ जानेवारी २०२१ रोजी, साथ चालू असतानाच, याच राज्याने चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका घेतल्या. महानगरपालिकांचे मतदान झाले ते बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला.

छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण या साऱ्याचा कळस आहे. त्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते हे सर्वश्रुत. २०१९ मध्ये १,६८० कोटींची पाणीयोजना मंजूर झाली, डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. २३ मे २०२२ रोजी तत्कालीन विरोधी पक्षाने तेथे ‘जलआक्रोश’ मोर्चा काढला. रिकामे हंडे घेऊन स्त्रिया चालल्या, नेत्यांची भाषणे झाली. सहा आठवड्यांच्या आत तोच पक्ष सत्तेत आला. हंडे घेऊन चाललेल्या त्या स्त्रियांना जाब विचारायला एक महापौर, एक नगरसेविका मिळावी, यासाठी मात्र त्यांना आणखी साडेतीन वर्षे थांबावे लागले. मोर्चा काढणाऱ्यांना आक्रोश हवा होता, सभागृह नको होते.

पुण्याची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक क्रूर. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली आणि तेथील ग्रामपंचायती त्याच क्षणी संपल्या. पुढच्या मार्चमध्ये महापालिकेचे सभागृहही संपले. म्हणजे या गावांतील लाखो माणसांना सरपंच उरला नाही आणि नगरसेवक मिळाला नाही. साडेचार वर्षे ती कोणाचीच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात गुलियन बारे या मज्जारोगाची साथ आली, संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही मृत्यू झाले. दूषित पाण्याकडे संशय वळला, मग विहिरींची तपासणी, पाण्याचे नमुने, मंत्र्यांच्या भेटी सगळे यथासांग झाले. ग्रामपंचायत असती तर साथ आली नसती, असे मी म्हणणार नाही. पण विहिरीच्या पाण्यावर शुद्धीकरण होत नाही, हे ओरडून सांगण्याचे काम ज्याचे होते, त्या माणसाचे पदच शासनाने रद्द केले होते. घरोघरी पाणी उकळण्याचे, आणि बंद बाटल्या विकत आणण्याचे काम कोणाकडे आले, ते वर सांगितलेच आहे.

या पार्श्वभूमीवर ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेकडे पाहिले पाहिजे. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली, विधानसभा निवडणुकीला पाच महिने असताना. एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये. या पैशांना ‘रेवडी’ म्हणून नाके मुरडणाऱ्या दिवाणखान्यातील अर्थतज्ज्ञांशी माझे मुळीच जमत नाही. गरीब बाईच्या हातात, तिच्या नावावरच्या खात्यात पैसे येणे ही चांगलीच गोष्ट आहे. ते दारू, दवाखाना आणि नवऱ्याचा धाक यांच्यापासून थोडीफार सुटका देतात. निवडणुकीत २,१०० चे आश्वासन देऊन २०२५-२६ मध्ये तरतूद ३६ हजार कोटींवर आणणे, ही फसवणूक आहे. पण माझा मुख्य आक्षेप तोही नाही.

माझा आक्षेप असा. काही गरजा पैशाने एकेकट्याला भागविता येतात, काही येत नाहीत. साडी, औषध, वही या गोष्टी बाई पंधराशे रुपयांतून आणू शकते. जलवाहिनी, मैलापाण्याची नळी, रस्त्यावरचा दिवा, दवाखान्यातला डॉक्टर या गोष्टी एकेकटीने विकत घेता येत नाहीत. त्या सर्वांनी मिळून, सभागृहात हात वर करून, घ्याव्या लागतात. सभागृह काढून घेतले की बाई बाजारात ढकलली जाते. पाण्याचा एक जार तीस रुपयांचा धरला आणि रोज एक घेतला, तरी महिन्याचे नऊशे रुपये झाले. भावाने ओवाळणी घातली आणि त्यातले नऊशे पाणीवाल्याच्या खिशात गेले. उरलेल्या सहाशेत खाजगी दवाखान्याची एक खेप होते, ती महापालिकेच्या दवाखान्यात औषध नाही म्हणून.

आणि यातला विरोधाभास पाहा. महाराष्ट्राने १९९० मध्ये, घटनादुरुस्तीच्याही आधी, स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवल्या आणि २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. मुंबईच्या २२७ पैकी ११४ जागा स्त्रियांच्या. म्हणजे सभागृहे बंद ठेवली तेव्हा राज्यभर ज्यांना घरी बसविले, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रियाच होत्या. त्यांतल्या अनेकजणी नवऱ्याच्या शिक्क्याखाली काम करीत, हे खरे; पण दुसऱ्या-तिसऱ्या मुदतीला शिक्का फेकून देणाऱ्याही मी पाहिल्या आहेत. ज्या राज्यकर्त्यांना १,५०० रुपये घेणारी बहीण लाडकी वाटली, त्यांनाच अर्थसंकल्पावर प्रश्न विचारणारी बहीण नकोशी वाटली. पहिली हात पुढे करते, दुसरी हात वर करते.

प्रभागरचनेचा खेळ वेगळाच. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. २०२१ मध्ये पुन्हा तिघांचा ठरला, सरकार बदलताच पुन्हा चौघांचा. मुंबई या खेळातून वगळलेली. चौघे निवडून आले म्हणजे तक्रार घेऊन कोणाकडे जायचे? पहिला म्हणतो दुसऱ्याकडे जा, दुसरा म्हणतो हे काम ‘ड’ जागेवरच्याचे. निवडणुकीला चिन्ह लागते, खर्च प्रचंड लागतो आणि अपक्ष, छोटा पक्ष, वस्तीतली कार्यकर्ती मुळातच बाद होते. आपल्या पक्षाच्या बाबतीत काय झाले ते निकालांनी दाखविलेच आहे. जिल्हा परिषदांची कथा स्वतंत्र लिहावी लागेल. येथे तिचा उल्लेख पुरे.

आपल्या चळवळीला हा विषय नवा नाही. मृणालताई गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि गोरेगावच्या नळासाठी लढता लढता ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध त्यांनी, अहिल्याबाई रांगणेकरांनी आणि इतर भगिनींनी पक्षभेद बाजूला ठेवून संयुक्त महिला समिती उभी केली. लाटणे हातात घेऊन बायका रस्त्यावर आल्या. त्यांना राजकारण चुलीपासून सुरू होते हे शिकवावे लागले नाही. आज आपली शिबिरे जागतिकीकरणावर होतात, फॅसिझमवर होतात, व्हायलाच हवीत. पण गेल्या चार वर्षांत आपल्या किती शाखांनी प्रशासकाच्या दारात एक साधी मागणी नेली, की या महिन्यात तू एकट्याने मंजूर केलेल्या ठरावांची यादी फलकावर लाव?

ती मागणी अजूनही करता येईल. नव्या सभागृहांसमोर प्रशासकीय काळातील सर्व ठराव, कंत्राटे आणि जमिनींचे व्यवहार मांडले जावेत, हे प्रत्येक नगरसेवकाकडून, तो कोणत्याही पक्षाचा असो, लेखी मागावे. क्षेत्रसभेचा कायदा २००९ मध्ये झाला आणि कपाटात पडून राहिला. तो बाहेर काढावा, वस्तीतील बायकांना क्षेत्रसभेची मागणी करणारा अर्ज लिहून द्यावा. मार्च २०२२ च्या दुरुस्तीने शासनाने घेतलेले प्रभागरचनेचे अधिकार आयोगाला परत द्यावेत, यासाठी विधिमंडळातील प्रत्येक पक्षाला जाहीर प्रश्न विचारावा. २०२५ ची प्रभागरचनाही शासनाच्याच आदेशाने झाली आहे, हे विसरता कामा नये. आणि मुदत संपल्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ प्रशासक बसविता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद राज्याच्या कायद्यात यावी. आजच्या सभागृहांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. त्यापूर्वी नवी जनगणना येईल, त्या आकड्यांवर पुन्हा प्रभाग, पुन्हा आरक्षण, पुन्हा याचिका, आणि पुन्हा ‘जैसे थे’. हा मजकूर वाचणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या वॉर्डातील सभासदाला ही तारीख आताच विचारून ठेवावी.